सातव्या कलमाचं उत्तर

४ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दिवसभर कानात किल्ल्यांचा जुडगा वाजतोय. आठवतं? शेजारच्या काकू माझ्या बाइंडिंगच्या खोलीच्या बोळातल्या दारावर तो आपटायच्या. दोन ठोके सावकाश, मग तीन घाईचे. शाळेत कविता म्हणताना बाकावर धरायचो तोच ठेका! मग उंबऱ्यावर बसून मला कविता म्हणायला लावायच्या. काय दिवस होते गं.

त्याच काकूंच्या मुलानं, आपल्या भोपळ्यानं, माझ्या दाव्याला उत्तर म्हणून कोर्टात शपथेवर लिहून दिलंय की ते दार तिथं कधी नव्हतंच. म्हणे, मी गेल्या वर्षी भिंत फोडून बसवलं! बोळ गिळून त्याला फर्निचरचं गोदाम वाढवायचंय. त्याचं खरं धरलं तर दार विटांनी बुजेल. गिऱ्हाइकाला दुसरी वाट नाही, मला दुसरा उजेड नाही. धंदाच बसला म्हण.

मी प्रत्युत्तर लिहिलं, चांगलं ऐसपैस. वकीलबाईंनी पेन्सिल घेऊन उपमा खोडल्या, माझी स्वतःची दोन कडवी खोडली. म्हणाल्या, काका, कोर्टाला काव्य नको, कलमवार उत्तर हवं. कच्चा मसुदा सोबत पाठवतोय. इथं चित्त थाऱ्यावर नाही, पुठ्ठे चिकटवायच्या चिकीची वाटी दोनदा सांडली. तुझी कंबर कशी आहे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

८ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

कंबर बरी आहे, डोकं तुझ्यामुळे दुखतंय. मसुदा वाचला. सहाव्या कलमावरून तू थेट आठव्यावर उडी मारलीस! सातव्यात भोपळ्या म्हणतो, आईची स्मृती गेली आहे, ती कोणाला ओळखत नाही, सबब तिला साक्षीला बोलावू नये. त्यावर तू गप्प? ज्याला नाही म्हणत नाही, ते कोर्ट कबूल धरतं. जाऊबाईंच्या दाव्यात हेच झालं होतं.

आणि त्या दाराच्या चौकटीकडे जरा बघ की, कविराज! जन्मभर तू चिकीचा ब्रश तिथं पुसलास, त्यावरून आपल्या आईची बोलणी खाल्लीस. तो थर गेल्या वर्षीचा आहे का?

रागावले आहे, पण लोभात कपात नाही.
तुझी धाकटी

१३ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

शाबास गं! वकीलबाईंनी चौकट नखानं टोकरून पाहिली. थरावर थर, झाडाच्या सालीसारखे. (ही उपमा कोर्टात देणार नाही.) फोटो काढले, पहिल्यांदाच हसल्या.

पण सातवं कलम काही सुटत नाही. दुसऱ्याच्या आईविषयी मी काय शपथ घेऊ? त्या कित्येक महिने बोळात दिसलेल्या नाहीत. खरंच विसरल्या असतील तर? त्या उंबऱ्यावरचा मी त्यांच्या मनातून पुसला गेलो असेन, हे वाचवेना, म्हणूनच ते पान उलटलं. वकीलबाई म्हणतात, ‘माहीत नसल्यामुळे कबूल नाही’ एवढंच लिहा, उद्या दाखल करायचंय. सकाळपासून ते वाक्य लिहितोय नि खोडतोय. खुर्चीवरून दारापर्यंत, दारापासून खुर्चीपर्यंत.

इथवर लिहिलं आणि बोळातल्या दारावर वाजलं. दोन सावकाश, तीन घाईचे. आवाज किल्ल्यांचा नव्हता, लाकडाचा होता. आधी वाटलं, माझेच कान. पुन्हा वाजलं, तसंच.

धाकटे, दारात काकू! हातात काठी, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात भोपळ्याची. ओळखलंत का, असं विचारायचा मला धीर होईना. त्यांनीच आधी झापलं, दार उघडायला एवढा वेळ लावतात का म्हणून. मुलगा फोनवर कोणाला तरी सांगत होता की आईला काही आठवत नाही. तेवढं नेमकं लक्षात राहिलं, म्हणाल्या. दाव्याचं सगळं सांगितलं, तर आता उंबऱ्यावर टेकल्यात आणि विचारतायत की, वकीलबाईंना मी बोलावतोय, की काकूंनीच त्यांच्याकडे जायचं तशाच चपलांनी?

दादा