वरचं पाणी

३ जून १९६८
कागद गिरणीत पाणी-तपासनीस म्हणून रुजू झालो! खोली हिल्माकाकूंकडे, तळ्याला लागूनच. काकू साठीच्या, ठेंगण्या, तोंडाने फटकळ. बघताच म्हणाल्या, "किती हडकुळा रे, रेइनो! मासेसुद्धा रडतील." मग राईची भाकरी आणि कॉफी पुढ्यात ठेवली. फार बरं वाटलं.

८ जून
फोरमन ऑस्मोदादांनी काम शिकवलं. गिरणीचा राखाडी गाळ तळ्याच्या बुडाशी बसतो. कामगार त्याला पेज म्हणतात. बाटली भरायची, आपली कॉफी होईपर्यंत निवळू द्यायची आणि फक्त वरचं पाणी तपासायचं. अहवालात लिहायचं, स्वच्छ. खालच्याचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "पेज ढवळू नये बाबा, उठून बसते." सगळे हसले. मीही हसलो आणि सही केली.

१५ जून
शनिवार. काकूंच्या सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, सरपण फोडून दिलं. तापल्या दगडांवर त्या तळ्याचंच पाणी ओततात. वाफेला उग्र वास होता, घसा धरला. पाणी बरं आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. इथे एकदा हो म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटारडा ठरवणं. काकू पोहायला गेल्या. मला जेवण गेलं नाही.

२२ जून
मध्य-उन्हाळ्याच्या सणाचा दिवस, भर उन्हात. काकू पोहत होत्या. त्यांच्यामागे पेज उठली— खांदे, मान, वर डोकं नाही. मी हात हलवून ओरडलो. त्यांना वाटलं गंमत. त्यांनीही हात हलवला. मग पाण्यावर कुणीच नव्हतं.

२३ जून
ऑस्मोदादा आणि आणखी दोघे काकूंना शोधायला आले. म्हणाले, पाण्यात उतरलं तर चालेल ना? नाही म्हणालो असतो तर सहीचं काय— हो म्हणालो. तिघेही वर आले नाहीत. माझीच लाज वाटते. थुंकावं स्वतःवर.

२४ जून
सगळं गाव काठावर. कपडे उतरवून, दोर घेऊन. खिडकीखालून मला विचारताहेत, पाणी बरं आहे ना— आवाज फुटत नाही. घशातून राखाडी येतंय. जिन्यावर ओलं काहीतरी, पायरी पायरी—
आता खरं काय ते लिहून हे पान खाली टाकतो. सही आधीच केली, म्हणजे विश्वास ठेवतील.
पाणी स्वच्छ