आडवं झाल्यावरचं दुखणं

मंगळवार, संध्याकाळ

केळझरच्या त्या बाळंतिणीचा एमआरआय आला. मेंदूच्या शिरेत गुठळीच निघाली! सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे डोकं दुखतंय, असं वॉर्डात सगळे म्हणत होते. पण इंजेक्शनचं दुखणं आडवं झालं की कमी होतं. हिची आई सकाळी सहज बोलून गेली, "आडवी झाली का डोकं फुटते म्हन्ते, मॅडम. भिंतीले टेकूनच झोपते." तिथंच मी थबकले, हिचं तर उलटं होतं. साधा सीटी स्कॅन नॉर्मल होता, तरी शिरांचा एमआरआय हवाच म्हणून सरांशी भांडले. उगाच भांडले का? मुळीच नाही. रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय.

निघताना आईनं विचारलं, "आता झोपन ना थे आडवी?"

आज नाही, म्हटलं. पण झोपेल. बाळाला कुशीत घेऊन झोपेल.