ढकलणारा स्नायू कुठे असतो?

१२ जून

लाडक्या भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

तुझं पत्र पोचलं. तू मजेत आहेस, बाबांनी अंडी पुन्हा करपवली आणि तुम्ही दोघांनी खिडक्या उघड्या टाकून ती खाल्लीत, सगळं कळलं. मी इकडे ठीक आहे. आजोबांच्या घरी वरच्या खोलीत माझं बस्तान मांडलंय. सकाळी इथल्या दवाखान्यात जाते, दुपारपर्यंत परत येते. काम वाटलं होतं त्यापेक्षा लांबतंय, एवढंच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारतेस. अगं, फोनवर चित्र कसं काढणार? आणि वर्गासमोर उभं राहून ‘हात कसा हलतो’ हे सांगायचं तर चित्राशिवाय तुझं पान हलणार नाही.

तुझा प्रश्न मला फार आवडला. तू लिहिलंयस, “कोपर वाकवणारा स्नायू मला सापडला. तो दंडावर फुगतो. पण मी दार ढकलते तेव्हा ढकलणारा स्नायू कुठे असतो?”

कुठेच नसतो! शरीरातला एकही स्नायू ढकलू शकत नाही. स्नायूला एकच काम येतं, आखडायचं. आखडला की तो आखूड होतो आणि ज्या हाडाला बांधलेला असतो ते हाड ओढतो. मग तो सैल पडतो. पण सैल पडलेला स्नायू हाड परत जागेवर नेऊन ठेवत नाही. ते काम दुसऱ्याला करावं लागतं. म्हणून ते जोडीने राहतात. दंडाच्या पुढच्या बाजूला एक, मागच्या बाजूला एक. पुढचा ओढतो तेव्हा कोपर वाकतं, मागचा ओढतो तेव्हा सरळ होतं. तू दार ढकलतेस तेव्हा मागचा स्नायू कोपर सरळ करत असतो. दाराला वाटतं आपल्याला ढकललं. आत मात्र ओढाओढच चाललेली असते.

आता दप्तर उचल आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या खळगीत चाचपून बघ. दोरीसारखं काहीतरी ताठ लागेल. ती कंडरा. स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी. नस नव्हे. बाबा नस म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस.

मॉडेल असं कर. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घे, एक दंडाची, एक कोपराखालची. सांध्याच्या जागी भोक पाडून सैलसर दोरा ओव. मग दोन सुतळ्या बांध, एक पुढून, एक मागून. रबर लावू नकोस, ते आपलं आपणच ओढत बसतं आणि सगळा घोटाळा होतो. चित्र मागच्या पानावर आहे. हात जरा दुधीभोपळ्यासारखा आलाय, सांभाळून घे.

आणखी एक गंमत. टेबलावर पंजा ठेव, बोटं एकेक करून आपट आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरून बघ. आत काहीतरी लुटलुट हलतंय ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे राहतात. बोटापर्यंत नुसत्या त्यांच्या लांबलचक कंडरा जातात. हे तुझ्या बाईंनाही आवडेल.

माझा इथला मुख्य पेशंट भारी हट्टी आहे. वयाने आजोबांएवढा. उजवा हात हलत नाही. काल त्यांच्यापुढे मऊ चेंडू ठेवला आणि म्हटलं, मुठीत धरा. बराच वेळ त्यांनी चेंडूकडे बघितलं आणि त्यालाच म्हणाले, “अरे लबाडा, तूच ये की थोडा पुढे!” मला हसू आवरेना. व्यायाम तेवढ्यावरच संपला.

आजोबांनी पत्रात दोन ओळी का लिहिल्या नाहीत, असं तू विचारलंयस. ते बरे आहेत. सध्या जरा कमी बोलतात. पुढच्या वेळी बघू.

अभ्यास कर. नखं काप.

तुझी,
आई

२१ जून

प्रिय भिंगरी,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. मॉडेल छान झालंय, मागची सुतळी सारखी निसटते, बाबांनी तिला गाठ मारून दिली, हे सगळं वाचताना मी मजेत होते. मग शेवटची ओळ आली. “आई, चेंडूशी बोलणारा माणूस मला एकच माहीत आहे. तो काचेशीपण बोलतो. खरं सांग.”

मी जिन्याच्या पायरीवर बसून वाचत होते. तिथेच बसून राहिले.

हो. ते आजोबाच आहेत.

झालं ते असं. आजोबा आपल्या काचेच्या दुकानात खिडकीची काच कापत होते. समोरच्या शिंपीणबाई आपला तडकलेला आरसा बदलून घ्यायला आल्या होत्या. आजोबांच्या हातातली काच कापायची हिरकणी मध्येच थांबली. ते नेहमीसारखे तिला दटावायला लागले, “अगं चाल की!” पण शब्द जिभेवर जड झाले आणि तोंडाचा एक कोपरा खाली आला. शिंपीणबाईंनी आरसा ठेवला, त्यांना खुर्चीत बसवलं, गाडी बोलावली, मग मला फोन केला. त्यांनी वेळ घालवला नाही, म्हणून बरंच काही वाचलं.

तुला प्रश्न पडेल, हाताला काय झालं? हाताला काहीच झालं नाही. पुढचा स्नायू जागेवर आहे, मागचाही आहे, एकही कंडरा तुटलेली नाही. बिघाड डोक्यात झालाय. स्नायू स्वतःहून काही ठरवत नाही. मेंदू हुकूम सोडतो, तो नसांमधून खाली येतो, मग स्नायू ओढतो. (इथे नस म्हटलेलं चालतं.) उजव्या हाताला हुकूम देणारी जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. आजोबांच्या मेंदूत तिथे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि त्या जागेचं नुकसान झालं. आता तिथून हुकूमच नीट सुटत नाही. मात्र मेंदूचे शेजारचे भाग ते काम थोडं थोडं शिकू शकतात. त्यासाठी तेच तेच पुन्हा पुन्हा करावं लागतं. कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरसुद्धा.

तुला का सांगितलं नाही? त्यांनीच नको म्हटलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी म्हणाले, “ती माझ्या हाताला लोंबकळते. तिने हा हात बघायला नको.” मी लगेच ‘बरं’ म्हटलं. इतकं लगेच, की त्यांची इच्छा पाळत होते की माझीच सोय बघत होते, ते माझं मलाच सांगता येणार नाही. तुला सांगायचं म्हणजे ते शब्द मला स्वतःच्या तोंडाने उच्चारायला लागले असते.

भिंगरे, दवाखान्यात मी दुसऱ्यांच्या वडिलांचे हात दिवसभर धरते. दंड उचलते, कोपर वाकवते, सोबत गप्पाही मारते. इथे माझ्याच वडिलांचं, तात्यांचं मनगट हातात घेतलं की माझी मोजणीच चुकते. म्हणून मी घरात नको तेवढी कडक होते. परवा मी सारखी म्हणत होते, “अजून एकदा, तात्या. अजून एकदा.” त्यांनी डाव्या हाताने चेंडू उचलून खिडकीबाहेर भिरकावला आणि म्हणाले, “तू माझी डॉक्टरीण आहेस की मुलगी, एक काय ते ठरव.” मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली. मग खाली जाऊन चेंडू घेऊन आले.

काल तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा. त्यांनी ते डाव्या हातात मागून घेतलं. मग म्हणाले, “पकडलंन म्हण ना पोरीने.”

“काय लिहू तिला?”

“येऊ दे तिला. पण आधी सगळं सांग. दारात येऊन दचकली तर मला नाही चालणार.”

म्हणून सगळं सांगते. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असतील. उजवा हात मांडीवर असतो आणि मूठ मिटलेली असते. ती रागाची मूठ नव्हे. बोटं मिटवणारे स्नायू ताठ झालेत आणि उघडणाऱ्यांना हुकूम पोचत नाही. तोंडाचा उजवा कोपरा किंचित खाली आलेला दिसेल. बोलणं हळू येईल, कधी भलताच शब्द येईल. परवा त्यांना चष्मा हवा होता आणि ते चमचा मागत राहिले. हसू आलं तर हस, तेही हसतात. रडू आलं तर तेही चालेल. फक्त त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. वाट बघ.

शनिवारी बाबांबरोबर ये. त्यांना मी फोन करते.

तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल रागाव. पण ये.

तुझी आई,
आणि या घरात सध्या नुसतीच कुणाची तरी मुलगी

३ जुलै

माझ्या भिंगरीस,
आशीर्वाद, आणि या वेळी गालगुच्चा नको. तू आता मोठी झालीस, असं आजोबांचं म्हणणं आहे.

तुम्ही गेल्यापासून घर सुनंसुनं झालंय. आजोबा तू आलेल्या दिवसाबद्दल रोज बोलतात आणि रोज त्यात थोडी भर घालतात. आजच्या आवृत्तीत तू त्यांना अर्धा तास शिकवत होतीस.

मी पाहिलं ते इथे लिहून ठेवते, कारण मला ते विसरायचं नाही. तू दारात थांबलीस. बाबांचा हात घट्ट धरला होतास. मला वाटलं, आता ही मागे फिरणार. आजोबांनी मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. मग तू सरळ त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलीस. सगळे पाहुणे डाव्या बाजूला बसतात. तू त्यांचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतलास, कोपराखाली चाचपलंस आणि म्हणालीस, “आजोबा, तुमच्या बोटांचे स्नायू इथे राहतात.”

“झोपलेत का गं?”

“नाही, जागे आहेत. त्यांना वरून कुणी काही सांगत नाहीये.”

आजोबा असे हसले, ते हसू मी विसरलेच होते. मग तू त्यांच्या मुठीला आपला पंजा लावलास आणि म्हणालीस, ढकला. मी मध्ये पडणार होते. ती मूठ तशी उघडणार नाही, कोपर असं धरायला हवं, माझ्या तोंडावर सगळं आलं होतं. बाबांनी माझा पदर ओढला. आजोबांचा चेहरा लाल झाला. काहीच होईना. तू घाई केली नाहीस. आणि मग तुझा हात जरासा मागे सरकला. तू ओरडलीस, “हा मागचा! मागचा आला!” त्यावर मी काय केलं ते तू बघितलंसच. मोठ्या माणसांनी हुंदके देऊ नयेत असा कुठे नियम नाही.

तेव्हापासून ते व्यायामाला मला बोलावतात. काल रागावून म्हणाले, “साडेचार वाजले, कुठे आहेस?”

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. निघताना गाडीच्या खिडकीतून तू मला विचारलंस, “आई, त्यांचा हात पूर्वीसारखा होईल ना?” आणि मी बाबांना म्हटलं, निघा, उशीर होतोय. उशीर काहीच होत नव्हता.

उत्तर असं आहे. बहुतेक होणार नाही. खांदा आणि कोपर अजून सुधारेल. बोटं थोडी उघडतील, किती ते मला सांगता येत नाही, आणि माझ्याहून जास्त शिकलेल्यांनाही येत नाही. पण ते काच कापू शकणार नाहीत. मी हे तुला लिहू का, असं त्यांना विचारलं. म्हणाले, “लिही. मला ते तुझ्या आधीपासून कळलंय.” मग मिटलेल्या मुठीकडे बघून म्हणाले, “त्या हाताने पुष्कळ काम केलंय. त्याला नावं ठेवू नका कुणी.”

दुकान त्यांनी विकायला काढलंय. शिंपीणबाईंनाच जागा वाढवून हवी आहे. बाबा आणि मी ठरवलंय की आजोबांना आपल्याकडे आणायचं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “भिंगरीला विचारलंत?” आम्ही विचारलं नव्हतं. म्हणून आता विचारते. तुझ्या शेजारची खोली त्यांना द्यावी लागेल. तुझी गाण्याची पेटी तिथून हलेल. सकाळी न्हाणीघर बराच वेळ अडलेलं असेल. कधी ते चिडतील, कधी उगीच गप्प होतील. खरं काय वाटतं ते लिही. आम्हाला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

आणि हे उत्तर मला पाठवू नकोस. आजोबांच्या नावाने पाठव, चांगलं चिकटवून. पाकीट ते स्वतःच फोडणार आहेत. उजव्या हाताने दाबून धरायचं आणि डाव्याने फाडायचं, एवढं त्यांना आता येतं. वेळ लागेल. मी शेजारी बसेन आणि हात लावणार नाही.

तुझी,
आई