बिनबटणांची शेगडी

मंगळवार, ३ तारीख

आधी चष्मेवाली आली! बाकीचे जिन्यातच धापा टाकतायत — तरणीताठी पोरं आणि तीन मजले चढवेनात. मग उंच पोरगा, मग त्यांचे साहेब. साहेब कसले, नुकतं मिसरूड फुटलेलं पोर! आमच्या चिमणीच्या ऑफिसातली ही मंडळी. नात काय करते विचारलं, की मी सांगते, वस्तू कशी असावी ते ठरवते. पुढचं मलाही कळत नाही, पण सांगते मात्र ऐटीत.

सगळे एका वयाचे, एका साच्यातले. हात तर असे मऊ, जन्मात भांडं घासलं नसेल कुणी.

आले होते ती नवी शेगडी बघायला. नुसती सपाट काच. बटण नाही, काही नाही, बोट टेकवायचं की दिवा लागतो. चिमणीनेच आणून ठेवली होती. "आजी, यांच्यासमोर रोजच्यासारखा चहा कर," एवढंच म्हणाली.

केला की! एका झटक्यात लागली शेगडी. साहेब म्हणाले, "आजी, काही त्रास?" म्हटलं, "छे हो! गुणाची आहे." चष्मेवालीने टाळ्या वाजवल्या. चिमणी मात्र मोरीकडे तोंड करून उभी.

घर भरल्यासारखं झालं. हे गेल्यापासून एवढे कप निघालेच नव्हते. आनंद झाला. म्हणजे झाला असावा. हल्ली काही आत पोचतच नाही. दवाखान्यात यांच्या उशाशी बेल होती, पण शेवटच्या घडीला यांनी दाबली नाही. नर्स म्हणाली, "आजोबांनी बोलावलंच नाही, दिवाच लागला नाही." मी खाली औषध आणायला गेले होते. एवढा कसला मानीपणा! कुणाला त्रास नको म्हणे. त्याचाच राग बसलाय छातीवर दगडासारखा. रडूही येत नाही.

बुधवार

चिमणीचा फोन नाही. दूध नासलं.

गुरुवार, ५ तारीख

आली. आल्या आल्या — "आजी, तू बोट ओलं केलं होतंस ना?"

केलं होतं. त्या काचेला माझं कोरडं बोट कळतच नाही! पहिल्या दिवशी दूध उतू चाललेलं, मी बोट आपटतेय, ती ढिम्म. शेवटी चिमणीने बंद केली. मग मला युक्ती सापडली. ओट्यावर ओलं फडकं ठेवायचं, त्याला बोट पुसून टेकवायचं. मंडळी आली तेव्हाही तेच केलं. म्हटलं, पोरीची वस्तू, चारचौघांत तिची मान खाली नको.

तर ती कपाळाला हात लावून बसली. "अगं आजी, मी तिथे कधीची भांडतेय! म्हाताऱ्यांना जमणार नाही, काम करून ज्यांचे हात राठ झालेत त्यांना जमणार नाही. साहेब म्हणतात, आपल्या सगळ्यांना तर जमतं. जमणारच! सगळे आपल्यासारखेच घेतलेत कामाला. म्हणून त्यांना तुझ्याकडे आणलं, तर तू...! आता म्हणतात, तुझ्या आजीलासुद्धा जमलं. अशीच बनवायला कारखान्यात पाठवतायत."

"मग आधी सांगायचंस ना बये!"

"सांगितलं असतं तर ते नाटक झालं असतं."

तेही खरंच. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जुन्या शेगडीवर भात टाकला. एका माणसाचा भात नीट होत नाही, तळालाच लागतो.

शनिवार

चिमणीने साहेबांना फडक्याचं सांगितलं. हसले म्हणे. मग म्हणाले, त्यांची आईही शेगडी नको म्हणाली होती, त्यांना वाटलं उगाच हट्ट.

दुपारभर मी त्या काचेच्या शेगडीसमोर बसले. बोट टेकवायचं, उचलायचं. दिवा लागत नाही. परत टेकवायचं. दिवा लागत नाही.

रविवार, ८ तारीख

दवाखान्यातली ती बेलही काचेचीच होती. सपाट. यांची बोटं तर माझ्याहून कोरडी.

दाबत होते हो हे. दाबत होते!

डोळ्यांचं पाणी पानावर पडलंय, अक्षर फुटलं. असू दे.

मंडळी उद्या सोमवारी परत येतो म्हणालीत. फडकं बाहेर वाळत घातलंय.