खाऱ्या गावातलं गोड पाणी

११ फेब्रुवारी
नळाचं बिल आलं. मागच्यापेक्षा दुपटीच्या वर. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भरून टाक. पाण्याशी वाकडं घेऊ नये." म्हटलं, वाकडं मी घेतलं का त्यांनी? पाणी येतं आठवड्यातून एकदा, त्यातही आधी नुसती हवा. हवेचेही पैसे लावले असतील मेल्यांनी.
लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत. मशीनवर बसले, पण दोरा सारखा तुटत होता. डोकं तापलेलं असलं की हात चालत नाही.

१२ फेब्रु.
महादेवाच्या देवळात बैठक. अख्खी कॉलनी. बायका जास्त, कारण नळाची वाट बघत बसतात त्या बायकाच. इंगळे सर, रिटायर्ड मास्तर, बोलायला उभे राहिले की बसायचं नाव नाही. मी मधेच तोडलं. बोलणं पुरे, बेल उचला म्हटलं. दर उतरेपर्यंत जो एकटा जाऊन बिल भरेल तो आपला नाही. मग एकेकानं पिंडीवरचा बेल हातात घेऊन शपथ घेतली.
नईमभाई (मोटार-पंपवाले, कोपऱ्यावर दुकान) पायरीखाली उभे होते. म्हणाले, "मी बेल नाही उचलत ताई, पण जुबान देतो. फिरलो तं मले भर चौकात उभं करा." टाळ्या पडल्या. कोणाचा नळ तोडला तर शेजाऱ्यानं पाणी द्यायचं, हेही ठरलं.
घरी हे म्हणाले, "बेल उचलणं सोपं असते. खाली ठेवणं कठीण." मी पोळी वाढली.

२० फेब्रु.
स्वातीला अंजनगावहून आणलं. सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. पाय सुजलेत, तोंड मात्र कसं उजळलंय! आल्या आल्या विचारते, "आई, पाणी पुरते ना इथं?" म्हटलं, तू खा, पी, झोप. बाकी माझ्यावर सोड.

२६ फेब्रु.
पाणी ऑफिसची गाडी आली. मागे पोलिसांची. मागच्या गल्लीपासून सुरुवात, पहिला नळ मंदा वानखडेचा. तिचं पोरगं कडेवर, ती ओरडतेय, आणि ते शांतपणे खणताहेत. सोबत एक तरुण साहेब. फोनवर सगळ्यांचे फोटो काढत होता. "लीडर कोण आहे?" कोणी बोललं नाही. तरी त्यानं माझ्याकडेच पाहिलं.
"पुढच्या आठवड्यात तुमची गल्ली," एवढंच म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

३ मार्च
आमचाही तोडला. अंगणात उघडा पाईप, तोंडाला चिंधी. शेजाऱ्यानं पाणी द्यायचं ठरलं होतं, पण आता देणारा शेजारीच उरला नाही. कॅनवाल्याकडे लाईन. दोघीतिघी माझ्या दारावरून जाताना मान वळवून गेल्या. पुढच्या बैठकीला किती येतील, सांगता येत नाही.
सर म्हणतात, देवळामागची विहीर उघडू. मला हसू आलं. खारपाणपट्ट्यातली विहीर! माझी सासू त्या पाण्यानं भांडीसुद्धा घासत नसे. नळ आला तशी पत्रे टाकून बंद केली. पण दुसरं काय आहे आपल्या हातात?

७ मार्च
गाळ काढला, नईमभाईंनी मोटार सोडली. पाणी वर आलं. सगळ्यांनी आधीच तोंडं वाकडी करून ठेवलेली. सरांनी ओंजळ तोंडाला लावली आणि तसेच थांबले. मग माझ्याकडे वळले. "बाई, गोड हाये."
गोड! मी प्याले, मंदा प्याली, लहान पोरं प्याली. सरांच्या डोळ्यांत पाणी. नारळ फुटला. कोणी म्हणालं, महादेवानं आपली बाजू घेतली. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला लिहू.
लगेच ठरलं: सगळ्या घरांनी हेच प्यायचं. कॅन आणायचा नाही. एकानं कॅन आणला की ऑफिसवाले म्हणतील, पाहा, फुटले. स्टार्टरच्या पेटीची चाबी माझ्याकडे दिली.

९ मार्च
तुरीची डाळ शिजली! लग्न होऊन आल्यापासून ह्या गावातल्या विहिरीच्या पाण्यात बिनसोड्याची डाळ शिजलेली पाहिली नव्हती. स्वाती तांब्या भरून पिते. "आई, सासरी आरओचं पाणी कसं मेल्यासारखं लागते. हे पाह्य कसं गोड हाये."
बैठकीला आज दुप्पट माणसं.

१८ मार्च
मंदाच्या दाराआड निळा कॅन दिसला. मी तिथेच उभी राहिले. "पोरगं लहान हाये ताई, दोन दिस त्याले जुलाब लागले." म्हटलं, माझ्या घरी पोटुशी पोर हेच पिऊन राहिली, तुझं पोरगं काय वेगळं? चार बायका जमल्या. तिनं कॅन परत पाठवला. डोळे पुसत आत गेली.
थोडं जास्तच बोलले. पण ढील दिली असती तर उद्या दहा कॅन आले असते.

२९ मार्च
ऊन कडक. दर्यापूरकडून आलेली एक गिऱ्हाईकबाई सांगत होती, तिकडे विहिरी खाली गेल्या. आपली मात्र वर येतेय. दिवसभर उपसली तरी सकाळी तितकीच. सर म्हणतात कृपा. मीही हो म्हटलं.
बादलीत फेस होता. नईमभाई म्हणाले, मोटारीच्या दाबानं येतो, "नवीन मोटार हाये ना ताई, जोर लय."

६ एप्रिल
सरांच्या बायकोला ताप. मागच्या गल्लीत तिघं ओकताहेत. मंदाचं पोरगं मलूल. सगळे म्हणतात ऊन लागलं. मीही घरोघर पन्हं दिलं.
दुपारी तो तरुण साहेब एकटाच आला. विहिरीत वाकून बघत बराच वेळ उभा राहिला. "हेच पिता?" मी ताठ होऊन म्हटलं, हेच. तुमच्यापेक्षा गोड आहे. तो परत एकदा वाकला, मग गाडीत बसून गेला. का कोण जाणे, त्याच्या त्या वाकून बघण्याची भीती वाटली.

१२ एप्रिल
आज ह्यांनी हात धरून देवळामागे नेलं. बोट दाखवलं. विहिरीच्या तिन्ही बाजूंनी कॉलनीची मागची अंगणं, आणि प्रत्येक अंगणात संडासाची टाकी. "कोणाच्या टाकीले खालून सिमेंट हाये?"
कोणाच्याच नाही. इथे कोणी करतच नाही. तळ कच्चा ठेवला की टाकी भरत नाही, उपसायची गाडी बोलवावी लागत नाही. आमचीही तशीच. मिस्त्रीला मीच सांगितलं होतं, खाली कच्चंच राहू दे.
"खाऱ्या जमिनीत गोड पाणी आलं कुठून, एकानं तरी विचारलं काय?" हे म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. इतके दिवस तोंड का शिवलं होतं? ते म्हणाले, "मलेही गोडच लागलं ना."
घरी येऊन माठ उपडा केला. स्वातीला म्हटलं, आजपासून उकळलेलं. ती हसली. "काहून? मले तं हेच आवडते."

१२ एप्रिल, नंतर
सरांकडे गेले. बायको आत कण्हत होती. सर खाली मान घालून ऐकत राहिले. म्हणाले, "सतरा तारखेला मोठ्या साहेबासंग बैठक हाये. दर मागं घेतील, बोलणं तिथपावतर आलं. आता आपण म्हटलं, आमची विहीर घाण, तं ते टेबलावर बसूच देणार नाही. पाच दिवस थांबा बाई. पोरांले उकळून द्या म्हणून सांगतो मी गुपचूप."
मी थांबले. दोन महिने लोकांना मी उभं केलं, आणि हातातोंडाशी आलेला घास. थांबायला नको होतं, हे घरी पोचायच्या आधीच कळलं होतं.

१३ एप्रिल
सरांनी कोणालाच सांगितलेलं नाही. मोटार सकाळी मीच सुरू केली. लोक बादल्या घेऊन उभे होते, चाबी माझ्या हातात, आणि मला नाही म्हणता आलं नाही.

१५ एप्रिल
स्वातीला फोडणीचा वास सहन होत नाही. दोन दिवस घास नाही. मला वाटलं उन्हाचं, दिवसांचं. सकाळी वेणी घालायला उजेडात बसवलं तर डोळे पिवळे. हळदीसारखे.
इथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, नखं पाहिली. पाणी कुठलं पिता, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोटुशीले ही कावीळ लय वाईट असते बाई. इथं थांबू नका. आत्ताच अकोल्याले न्या."
जीप येईपर्यंत देवळामागे धावले. स्टार्टरची पेटी बंद केली, वर घरचं मोठं कुलूप लावलं. मंदा समोरून येत होती. तिला ओरडून सांगितलं, पोराला हे पाणी पाजू नको, सगळ्यांना सांग. तिला खरं वाटलं की नाही, कळलं नाही.

१६ एप्रिल, अकोला
रात्र गेली. रक्त तपासायला नेलंय. बाळाचे ठोके आहेत. आईचं उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात. जावई अंजनगावहून आले, कोपऱ्यात उभे आहेत, माझ्याशी बोलत नाहीत. काय बोलावं त्यांनी? पोर धडधाकट माझ्या हवाली केली होती.
देवा, मला ने. मी जगून काय करू?
सकाळी नईमभाईंचा फोन. "ताई, लोक बादल्या घेऊन उभे हायेत. चाबी कोणापाशी?" म्हटलं, माझ्यापाशी, आणि देणार नाही. ते पाणी आपल्याच टाक्यांचं आहे. नईमभाई म्हणाले, "सर तं म्हणून राहिले, स्वातीचं उन्हाचं हाये."
सरांना फोन लावला. उचलत नव्हते. दुपारी उचलला. मी पाया पडते म्हटलं, बैठक गेली खड्ड्यात, बिल मी भरते, शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी, पण ती विहीर बंद ठेवा. "हो हो बाई, बंदच हाये. कोणी हात नाही लावला. तुमी पोरीकडे पाहा."
त्यांच्या आवाजामागे मोटार चालत होती, म्हणजे कुलूप तोडलं. बायका लाईनीवरून भांडत होत्या, तेही ऐकू येत होतं. मी ओरडले. नर्स धावत आली. फोन कट झाला होता.
ह्यांना मिळेल त्या एसटीनं गावाकडे परत पाठवलं, वायर कापून टाका म्हटलं. अजून पोचले नसतील.
स्वाती आत्ता जागी झाली. ओठ सुकलेत. बाटलीचं पाणी चमच्यानं पाजलं, तर तोंड फिरवते. "हे नको आई. आपल्या विहिरीचं आणलं काय?"