नुसतं 'विषाणू' म्हणालो होतो

२६ नोव्हें. २००३, अहेरीजवळ
धान कापून झालं, बांधाबांधात उंदीर. आज एकवीस मिळाले. उंदीर धरायला सोबत घेतलेले गावातले मारूभाऊ बिळात धूर सोडतात आणि हातानेच धरतात. हातमोजे दिले, तर "यानं उंदीर हाताले समजत नाई" म्हणाले. मी हसलो. दटावून घालायला लावायला हवे होते. उंदरांच्या फुफ्फुसांचे तुकडे गोठवायला द्रव नायट्रोजनच्या डब्यात. जनुकं लॅबवाले वाचतील.

२९ नोव्हें.
गावात लोकांनी विचारलं, उंदरांचं काय करून राह्यले? मोठ्या ऐटीत सांगितलं, "त्यांच्यात विषाणू आहेत का, ते बघतोय." सगळे गप्प. वाटलं, पटलं.

३ डिसें.
पटलं कुठलं! त्यांनी 'विष' ऐकलं. आता गावभर एकच, सलीम, म्हणजे मी, उंदरांत विष घालतो आणि मारूभाऊ मला सामील. या हंगामात इथे घरोघरी उंदीर भाजून खातात, म्हणजे मी थेट ताटातच विष कालवलं. मारूभाऊंच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न. मुलाकडच्यांचा निरोप आलाय, आधी हे निस्तरा. एवढा शिकलो, एक साधा शब्द सुचला नाही मला. लाज वाटते.

४ डिसें.
बैठकीत अर्धा तास बोललो. 'रोगाचा बारीक किडा' म्हणालो, तर आणखीच घाबरले. म्हातारे पाटील म्हणाले, "बोलणं पुरे झालं सायेब. खाऊन दाखवा."
एक उंदीर भाजून आम्हा दोघांपुढे ठेवला. मारूभाऊंनी अर्धा लगेच खाल्ला. मी म्हणालो, आमच्यात चालत नाही. खरंच चालत नाही. घरी राजुऱ्याला अम्मीला कळलं तर घरात घेणार नाही. पण कारण ते नव्हतं. नीट भाजलेल्यातून काही होत नाही, हे मला पाठ आहे. तरी घाबरलो. पाटील माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं.

९ डिसें.
लॅबचं पत्र. नमुने रांगेत, निकालाला दोन-तीन महिने. तोवर लग्नाची तारीख निघून जाईल.
दुपारी मारूभाऊ आले. रागावले असते तर बरं झालं असतं.
"सलीमभाऊ, मी खाल्ला त्याच्यानं काई होते का?"
"नाही."
"मंग तुमी काऊन भ्याले?"
लॅबचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. उद्या मुलाकडच्यांना भेटायला जातायत, सोबत चला म्हणाले. हो म्हटलंय. तिथेही उंदीर पुढ्यात ठेवला तर या वेळी खाईन का मी?