काहीही न मिळणाऱ्या गटातून

आदरणीय भावोजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवी तर्जनी जरा वेगळी धरली आहे, कारण पुढे येईल.) आपली कंबर कशी आहे? ताईचा गुडघा जिना चढू देतो का? औषधाचं दुकान विकून आपण निवृत्त झालात, तरी शेजारीपाजारी अजून खोकला घेऊन आपल्याकडेच येतात आणि आपण कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, असं ताई सांगत होती. आपल्या या परोपकाराबद्दलच लिहायचं आहे, पण ओघाने.

माझी चामखीळ आपण पाहिली आहेच. (आमच्या संस्कृतात चर्मकील. नाव भारदस्त असलं की दुखणं हलकं होतं अशी माझी समजूत होती. होत नाही.) ज्या बोटाने मी फळ्यावरचा शब्द दाखवतो, नेमकी त्याच्याच टोकावर ती उगवली. तेव्हापासून माझा वर्ग असा काही एकाग्र झाला की मला भरून आलं. मग कळलं, मी विभक्ती दाखवतोय आणि पोरं बोट बघतायत. मुख्याध्यापकांनी मला स्वतंत्र कप दिला, स्वतंत्र खडू दिले. हजेरीसाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र मला ओळखेनासं झालं. त्यामुळे महिनाभर मी घसा फोडून शिकवत होतो आणि कागदोपत्री गैरहजर होतो.

अशा अवस्थेत आपली कन्या धावून आली. ती त्वचाविभागात याच विषयावर संशोधन करते, हे आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवताच. मला मात्र तिने नीट बसवून समजावलं. हा एक विषाणू, त्याच्या शंभरावर जाती. काही बोटावर बसून नुसतं हसं करतात, काही आत बसून वर्षांनी कर्करोग होऊन बायकांच्या जिवावर उठतात. (हे सांगताना ती हसत नव्हती, म्हणून मीही हसलो नाही.) बारीकशा चिरेतून तो शिरतो आणि कातडीच्या वरच्या थरात असा दडून राहतो की शरीराला त्याचा पत्ता लागत नाही. मग एक दिवस पुष्कळांच्या शरीराला जाग येते आणि चामखीळ आपोआप जाते. का, कधी, हे नीटसं कुणालाच सांगता येत नाही. तिला तेच शोधायचं आहे. म्हणून निम्म्या लोकांना औषध द्यायचं, निम्म्यांना काहीही नाही, आणि दर महिन्याला शेजारी फूटपट्टी ठेवून सगळ्यांचे फोटो काढायचे. कोण कुठल्या गटात, हे संगणक ठरवतो. मी काहीही न मिळणाऱ्या गटात गेलो. मला नवल वाटलं नाही. एवढी वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाबद्दल संगणकालाही अंदाज येतो.

अट एकच, काही लावायचं नाही. भावोजी, काही न करणं हे फार कष्टाचं काम आहे! दूधवाल्याने घोड्याचा केस बांधायला सांगितलं. शेजारीण लसूण घेऊन दारात. बँकेतला कारकून, पैसे मोजता मोजता, "जाळून टाका की सर, माझ्या साडूने जाळली," म्हणाला. मी हात खिशात घालून हिंडू लागलो, तर दुकानदार माझ्या खिशाकडे संशयाने बघू लागले. आमच्या गटातले लोक तर भराभर गळत होते. कुणाची आईने कापली, कुणाची बायकोने जाळली. आणखी कुणी चोरून उपाय केला तर अभ्यास गुंडाळा, असं तिच्या सरांनी बजावलं. पोरीची तीन वर्षं पाण्यात! रडवेली होऊन म्हणाली, "मामा, आता तुझ्यावरच भरवसा. तू काही करत नाहीस." (माझ्याबद्दल इतकं अचूक आजवर कुणी बोललं नव्हतं.)

आणि मी खरोखर काही केलं नाही. फक्त, खडूने हात कोरडे पडतात म्हणून आपण जी हात मऊ ठेवायची बाटली दिलीत, तिच्यातलं आमची ही मला रोज संध्याकाळी लावून देत असे. बोट पांढरं पडलं, सालपटं निघाली, आणि गेल्या आठवड्यात चामखीळ गेली. भाची अक्षरशः नाचली. सोमवारच्या मोठ्या बैठकीत माझं बोट भिंतीएवढं करून ती सांगणार आहे, की बघा, या शरीराने शत्रूला स्वतः ओळखलं. घरी आल्यावर मी माझ्या शरीराला प्रथमच अहो-जाहो करू लागलो.

काल सहज हिला म्हणालो, डाव्या हातालाही लाव ना ते. तर म्हणे, "छे! भावोजींनी बजावलंय, फक्त त्या बोटाच्या टोकाला. आजूबाजूला लागलं तर भाजेल."

मी बाटली उजेडात धरली. लेबल नखाने सोललेलं आहे. हात मऊ करणारं औषध एकाच बोटाच्या टोकाला लावावं आणि बाकीच्या हाताला त्याने भाजावं, हे कोणत्या शास्त्रात आहे, ते मला सापडलं नाही.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार.

आपला (तूर्त) निष्कील मेहुणा

ता. क. – ओघाने म्हणालो होतो, ते हे. सोमवारच्या आत पोरीला फोन करा आणि बाटलीत काय होतं ते सांगा. ती चिडेल, मला अभ्यासातून काढेल, कदाचित सरांची बोलणीही खाईल. पण खोटं बोट भिंतीवर लावून तिने चार शहाण्यांपुढे उभं राहायला नको. तुम्ही मायेपोटी केलंत, हे तिला तुमच्याच तोंडून कळलेलं बरं. म्हणून पोस्टावर न विसंबता पत्र हिच्या हाती पाठवतोय. रविवारपर्यंत तुमचा फोन गेला नाही, तर मी करीन.

ता. क. पुन्हा – पाकीट बंद करताना अंगठ्यावर दोन नव्या दिसल्या. जुन्या जागीही काहीतरी डोकं वर काढतंय. म्हणजे शरीराने ओळखलं नव्हतंच, आणि आपल्या औषधानेही नाही. आता काहीही न मिळणाऱ्या गटातूनही मी बाद होणार. तेव्हा पोरीशी बोलणं झालं की आणखी एक बाटली पाठवा. या वेळी लेबलासकट.